वेठ आणि सेवा : स्वयंसेवेतून युवकांची घडण

समाजातील तरुण मुला-मुलींनी आठवड्यातून थोडा वेळ समाजकार्याला द्यावा, असे आवाहन आपल्या जवळजवळ प्रत्येक सभेत होत असते. व्यासपीठावरून आवाहन होते, टाळ्या पडतात, आणि सभा संपल्यावर चप्पल घालता घालता एखादी आई हळूच विचारते, "फुकट राबून माझ्या पोराला काय मिळणार?" कार्यकर्त्यांना हा प्रश्न आवडत नाही. त्यांना त्यात स्वार्थ दिसतो. आम्हांस मात्र हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचे उत्तर नीट दिल्याशिवाय युवकांना सेवेचे आवाहन करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात आपण हाच प्रश्न अभ्यासासाठी घेणार आहोत.

प्रश्नामागील इतिहास

'फुकट राबणे' हे शब्द आपल्या समाजात सहज आलेले नाहीत. आपल्या आजा-पणजांनी पिढ्यान् पिढ्या फुकट राबून पाहिले आहे. महार वतनाची पद्धत तरुण वाचकांपैकी अनेकांना केवळ ऐकून माहीत असेल. गावची शीव राखणे, पाटील-कुलकर्ण्यांचे निरोप पोहोचविणे, सारा तालुक्याच्या गावी नेताना सोबत करणे, सरकारी अंमलदार आला की त्याच्या दिमतीला राहणे, मयताची वर्दी परगावी देणे, मेलेली जनावरे ओढणे, अशी कामे वतनदार महाराच्या माथी मारलेली असत. दिवस-रात्र अशी वेळेची मर्यादा नव्हती. ज्याच्यावर पाळी असे तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी जावे लागे. मोबदला म्हणून इनामाचा लहानसा तुकडा, तोही भाऊबंदांत वाटला जाऊन उरलेला, आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पद्धतीचे मर्म ओळखले होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात मांडले. कामाच्या बदल्यात ठरलेला पगार मिळावा आणि ज्याला वतन सोडायचे असेल त्याला ते सोडण्याचे स्वातंत्र्य असावे, हा त्यांचा आग्रह होता. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही. १९३७ मध्ये त्यांनी हा प्रश्न पुन्हा विधिमंडळात नेला. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

तेव्हा 'राबणे' या शब्दाला आपल्याकडे असा कडू वास आहे. ज्या आईचा आजा येसकराची काठी घेऊन रात्री-अपरात्री धावला, तिला नातवंडांच्या पिढीने बिनपगारी काम करावे हे पटत नसेल, तर तिची चूक काय? उलट, आपण तिला सांगितले पाहिजे की वेठ वेगळी आणि सेवा वेगळी. मात्र हा फरक शब्दांत सांगून भागत नाही. तो आपल्या कामाच्या पद्धतीत दिसला पाहिजे.

वेठ आणि सेवा यांतील फरक

अभ्यासाच्या सोयीसाठी हा फरक आम्ही चार मुद्द्यांत मांडतो.

१) इच्छा : वेठ जन्माने गळ्यात पडते. सेवा माणूस स्वतः निवडतो. जे काम नाकारण्याची मोकळीक नाही, ते स्वीकारण्यात मोठेपणा नाही.

२) समानता : वेठीत एक हुकूम करतो, दुसरा राबतो. सेवेत अध्यक्षही सतरंजी उचलतो आणि सतरंजी उचलणाराही सभेत बोलतो.

३) हेतू : वेठीतून दुसऱ्याची सत्ता बळकट होते. सेवेतून ज्याची सेवा केली तो स्वतःच्या पायावर उभा राहायला लागतो.

४) वाढ : वेठ करणारा पंचवीस वर्षांनीही तेच काम करीत असतो. सेवा करणारा दर वर्षी काहीतरी नवे शिकतो, जास्त जबाबदारी घेतो, आणि एक दिवस दुसऱ्याला शिकवू लागतो.

यातला चौथा मुद्दा युवकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. एखाद्या कामातून तरुण वाढत आहे की नुसता वापरला जात आहे, हे पाहिले की ती सेवा आहे की वेठ आहे हे लगेच कळते. कोणत्याही संस्थेने आपल्या स्वयंसेवकांबाबत ही कसोटी लावावी.

आपल्या परंपरेतील दाखले

स्वेच्छेने केलेल्या सेवेची परंपरा आपल्याकडे फार जुनी आणि उज्ज्वल आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदासह विहारातून फिरत असता त्यांच्या दृष्टीस हे पडले. इतर भिक्खू त्याची शुश्रूषा का करीत नाहीत, असे विचारता कारण कळले की, हा आमच्या काही उपयोगी पडत नाही. तथागतांनी उपदेश नंतर केला. आधी पाणी आणविले, स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजविले. मग भिक्खूंना एकत्र बोलावून, तुम्हांला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार, या आशयाचे बोल सांगितले.

या प्रसंगाला जोडून शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत तेही सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे, रोग्याला काय पथ्य आणि काय अपथ्य हे कळावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावनेने त्याने काम करावे, मलमूत्र वा ओकारी काढण्याची त्याला किळस नसावी, आणि रोग्याला धीर देणारे बोलता यावे. यात पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. केवळ चांगले मन असून चालत नाही. काम यावे लागते. सेवा ही शिकण्याची गोष्ट आहे, असाच याचा अर्थ होतो.

अर्वाचीन काळात १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी, डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाच्या, यशवंतच्या मदतीने रोग्यांसाठी दवाखाना चालविला. रोग्यांची सेवा करतानाच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. गाडगेबाबा गावात गेले की प्रथम हातात झाडू घेत, गाव झाडून काढीत आणि रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारीत. दिवसा गाव स्वच्छ करायचे आणि रात्री डोकी स्वच्छ करायची, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या हातातला झाडू कोणी लादलेला नव्हता, म्हणून त्यापुढे गावचा पाटीलही वरमत असे.

बाबासाहेबांच्या चळवळीचा पाया पाहिला तरी हेच दिसते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने सोलापुरात १९२५ च्या आरंभी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालविले. पुढे केवढी मोठी चळवळ उभी राहिली! पण तिची सुरुवात मुलांच्या राहण्या-जेवणाची आणि वाचनाची सोय करण्यापासून झाली.

महाडची परिषद घ्या. १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या त्या परिषदेला पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत हजारो माणसे खांद्यावर भाकरीचे गाठोडे टाकून आली होती. चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे की परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चवदार तळे समोर असताना पाणी विकत! तेव्हा एवढ्या लोकांना पाणी वाटणे, मंडप सांभाळणे, आल्या-गेल्याची बसण्याची सोय पाहणे हे कोणीतरी केलेच असणार. त्या हातांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. २० तारखेला तळ्यावर पाणी प्राशन करून लोक परतल्यावर, वीरेश्वराच्या मंदिरात अस्पृश्य घुसणार अशी खोटी आवई उठली आणि मंडपात जेवायला बसलेल्यांवर हल्ला झाला. आपले लोक संख्येने कमी नव्हते, प्रतिकारालाही तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना हात आवरण्यास सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. ही शिस्त आकाशातून पडत नाही. एकत्र काम करून, एकमेकांचा शब्द पाळूनच ती अंगी येते. समता सैनिक दल उभे राहिले ते याच काळात.

सेवेतून युवक काय शिकतो?

आता आईच्या प्रश्नाचे थेट उत्तर पाहू. पोराला काय मिळते?

१) शब्द पाळण्याची सवय. शाळा-कॉलेजात उशिरा गेले तर नुकसान आपले एकट्याचे. पण वस्तीतील अभ्यासिकेची किल्ली ज्याच्याकडे आहे तो सकाळी सहाला आला नाही, तर दहावीची पंधरा मुले दाराबाहेर उभी राहतात. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव तरुणाला जितकी लवकर मोठी करते तितकी दुसरी कोणतीही गोष्ट करीत नाही. घरात 'याला काही कळत नाही' म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष होते, त्याच मुलाला बाहेर 'दादा, उद्या याल ना?' असे विचारले जाते तेव्हा त्याची मान ताठ होते.

२) हिशेब. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, म्हणून या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो. कार्यक्रमाची वर्गणी गोळा करणे ही तरुणाची फार चांगली शाळा आहे. पावती पुस्तकातील प्रत्येक पावतीला क्रमांक असतो, फाडलेल्या प्रत्येक पावतीची स्थळप्रत मागे राहते, चुकलेली पावती फाडून फेकायची नसते तर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची असते. एकाने पैसे मोजावेत, दुसऱ्याने लिहावे. गोळा झालेली रक्कम त्याच दिवशी रोजकीर्दीत चढवावी आणि दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय घरी जाऊ नये. आता मोबाइलवरून वर्गणी येते. तीही संस्थेच्या खात्यावरच यावी, कोणा कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्यावर नव्हे. खर्चाचे बिल वा व्हाउचर जपावे, धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्यात. अठराव्या वर्षी ज्याने मंडळाचे पाच हजार रुपये पै-पैशाने जुळविले, त्याला पुढे नोकरीत लाखोंची रोकड हाताळताना घाम फुटत नाही. आणि लोकांचा पैसा हा विस्तव आहे, हे तो आयुष्यभर विसरत नाही.

३) बोलणे आणि त्याहून अधिक ऐकणे. आपल्या पुष्कळ मुलांना चार लोकांत बोलण्याचा संकोच असतो. भाषण स्पर्धेत तो थोडा जातो, पण कार्यालयात जाऊन कोणा म्हातारीच्या कामासाठी अर्ज देताना, 'साहेब, पोच द्या' असे म्हणताना तो खरा जातो. त्याचबरोबर, घरोघर जाऊन माहिती विचारताना समोरच्याचे पुरते ऐकून घ्यावे लागते. ज्याला ऐकता येत नाही तो पुढारी होतो, कार्यकर्ता होत नाही.

४) कारण शोधण्याची दृष्टी. वस्तीतील एखादी मुलगी शाळेत येत नाही. वरवर पाहणारा म्हणतो, आईबाप अडाणी. स्वयंसेवक घरी जातो तेव्हा कळते की धाकटे भावंड सांभाळायला कोणी नाही, किंवा शाळेत स्वच्छतागृह नाही, किंवा जातीचा दाखला नसल्याने शिष्यवृत्ती अडली आहे. दोष माणसात शोधण्याऐवजी परिस्थितीत शोधण्याची ही सवय म्हणजे कार्यकारणभाव. धम्माच्या वर्गात जो शब्द मुले पाठ करतात, त्याचा अर्थ त्यांना अशा घरात कळतो.

५) दुःखाची ओळख आणि स्वतःच्या दुःखाचे माप. परीक्षेत दोन विषय राहिले म्हणून जो मुलगा आठ-आठ दिवस कोणाशी बोलत नाही, तो रुग्णालयात रात्रपाळीला एखाद्या रुग्णाजवळ बसून आला की त्याचे मन हलके झालेले आम्ही पाहिले आहे. दुसऱ्याच्या उपयोगी पडलेला माणूस स्वतःला निरुपयोगी समजत नाही. आजच्या काळात, जेव्हा मुले तासन् तास मोबाइलवर एकटी असतात, हे औषध मोलाचे आहे.

६) घेणाऱ्याचा देणारा होणे. हा मुद्दा आम्ही शेवटी ठेवला, पण तोच मुख्य आहे. सरकारी कागदावर आपल्या मुलांचे नाव बहुधा 'लाभार्थी' म्हणून येते. शिष्यवृत्ती, वसतिगृह, सवलत हे आपले हक्क आहेत, कोणाचे उपकार नव्हेत. तरीही सतत घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिल्याने मनावर एक ओझे येते, आणि समाजही टोमणे मारून ते वाढवितो. तोच मुलगा जेव्हा पूरग्रस्तांना अन्न वाटतो, रक्तदान करतो, सर्व जातींच्या मुलांना गणित शिकवितो, तेव्हा रांगेच्या दुसऱ्या बाजूला तो पहिल्यांदा उभा राहतो. त्याला कळते की आपल्याजवळही देण्यासारखे काही आहे. बाबासाहेबांनी ज्याला स्वाभिमान म्हटले तो येथे अंगी बाणतो.

राष्ट्रीय सेवा योजना

कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाला या सर्वांसाठी एक दार उघडे आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थी घेऊन सुरू झाली. योगायोग असा की महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली तीही २४ सप्टेंबरलाच, १८७३ मध्ये. 'मी नव्हे, तुम्ही' अशा अर्थाचे योजनेचे ब्रीद आहे. बोधचिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे चाक असून त्याचे आठ आरे दिवसाचे आठ प्रहर दर्शवितात. सेवेला काळवेळ नाही, हा त्याचा भाव.

योजनेतील विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. १२० तासांना ५२ आठवड्यांनी भागले तर आठवड्याला सव्वादोन तासांहून किंचित अधिक वेळ येतो. अभ्यास बुडेल ही भीती बाळगणाऱ्या पालकांनी हा भागाकार करून पाहावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि किल्लारी परिसरातील हजारो माणसे गेली, तेव्हा ढिगारे उपसायला आणि निवारे उभारायला राज्यातून विद्यार्थी धावले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अडकलेल्यांना चहा-पाणी देणारे आणि हात धरून पाण्यातून नेणारे वस्त्या-वस्त्यांतले तरुणच होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात समाजसहभागाच्या प्रकल्पाला श्रेयांकही मिळू लागले आहेत. श्रेयांक जरूर घ्यावेत. पण केवळ श्रेयांकासाठी केलेले काम परीक्षेबरोबर संपते, हेही लक्षात असू द्यावे.

काही धोके

सेवेच्या नावाखाली वेठ परत येऊ शकते. म्हणून पुढील गोष्टींकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

शिबिरात झाडू कोणाच्या हाती दिला जातो आणि माइक कोणाच्या हाती, हे पाहावे. ठरावीक वस्तीची मुले नेहमी सफाईला आणि इतर नेहमी सूत्रसंचालनाला असतील, तर ती सेवा नव्हे, जुनी गावकी नवे कपडे घालून आली आहे. कामांची पाळी लावावी आणि ती फळ्यावर लिहावी. त्याचप्रमाणे गटारात वा सेप्टिक टाकीत कोणाही स्वयंसेवकाने उतरू नये. संरक्षक साधनांशिवाय अशी सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ते काम यंत्राचे आणि ती जबाबदारी नगरपालिकेची आहे. आपण अर्ज करावा, पाठपुरावा करावा. ती सुद्धा सेवाच आहे.

आपल्या मंडळांत मुलींकडे चहा आणि रांगोळी, मुलांकडे हिशेब आणि मंडप, अशी वाटणी आजही दिसते. प्लेगच्या साथीत प्राण देणाऱ्या सावित्रीबाईंचे छायाचित्र भिंतीवर लावून खाली अशी वाटणी करणे शोभत नाही. मुलींना कोषाध्यक्ष करावे, मुलांनी कपबशा विसळाव्यात.

निवडणुका आल्या की कोणीतरी येतो आणि स्वयंसेवकांना गाडी, जेवण, टी-शर्ट देऊन घेऊन जातो. त्याला युवकांनी स्पष्ट विचारावे की या कामात आम्ही काय शिकणार आणि निर्णयात आमचा वाटा कोणता. उत्तर मिळाले नाही तर घरी यावे. तसेच, मदत घेणाऱ्या गरिबाचा चेहरा छायाचित्रात आणून ते सर्वत्र पाठवू नये. वही देताना काढलेले छायाचित्र त्या मुलाला वहीहून जड होते.

आपल्या वस्तीत काय करता येईल?

मोठ्या योजना आखण्यापेक्षा जवळचे काम धरावे. आमच्या रोजच्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदानही खात्यावर जमा होते. काउंटरसमोर उभ्या राहणाऱ्या कित्येक वृद्धांना चिठ्ठी भरता येत नाही. आयुष्यभर माती आणि सिमेंटमध्ये काम करून बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्रावर अंगठा उमटत नाही, आणि आपलेच काही चुकले असे समजून ती माणसे परत फिरतात. दोन विद्यार्थी आठवड्यातून एक सकाळ त्यांच्यासोबत आले तर केवढे काम होईल! मात्र नियम कडक हवेत. चिठ्ठी भरून मोठ्याने वाचून दाखवावी. कोणाची सही स्वतः करू नये. कोणाचे पासबुक घरी ठेवू नये. गुप्त क्रमांक वा मोबाइलवर येणारा संकेतांक विचारू नये, सांगू लागले तर थांबवावे. पैसे मोजण्यास मदत करावी, खिशात ठेवण्यास नव्हे.

दुसरे काम शिष्यवृत्तीचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या मुलांना १९४४ पासून मिळू लागली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. आज अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी एक गोष्ट राहिली की अर्ज अडतो. मागच्या वर्षी ज्यांनी हे सर्व केले त्यांनी यंदाच्या मुलांना बसवून शिकवावे. अर्ज भरून देऊ नये, भरायला शिकवावा. पुढच्या वर्षी तीच मुले इतरांना शिकवतील.

तिसरे काम सहा डिसेंबरचे. चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंच्या जनसमुदायात पाणी वाटणे, रस्ता दाखविणे, हरवलेले मूल आईजवळ पोहोचविणे, आणि गर्दी ओसरल्यावर परिसर स्वच्छ करून निघणे, हे महानगरातील युवकांनी आपले काम मानावे. अभिवादन फुलांनी होते तसे कामानेही होते.

समारोप

फुकट राबून पोराला काय मिळणार, या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ : ताई, त्याला राबवू नका असे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तुमच्या आजाला नकार देण्याची सोय नव्हती, तुमच्या मुलाला आहे. तो 'होय' म्हणतो आहे, यातच आपण किती पुढे आलो ते दिसते. तो येथे येईल तर काम शिकेल, हिशेब शिकेल, माणसे ओळखेल, आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत हे जाणून ताठ मानेने घरी येईल. तसे झाले नाही, त्याला नुसत्या सतरंज्या उचलायला लावल्या, तर तुम्ही येऊन आम्हांला जाब विचारा.

युवक-युवतींनो, आठवड्याचे दोन तास द्या. आणि ज्येष्ठांनो, त्या दोन तासांची वेठ होऊ देऊ नका.

गटचर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या मंडळातील कोणती कामे नेहमी त्याच व्यक्तींकडे असतात? त्यांची पाळी कशी लावता येईल?

२) शुश्रूषा करणाऱ्याच्या पाच गुणांपैकी आपल्यात कोणते आहेत, आणि कोणते शिकून घ्यावे लागतील?

३) आपल्या वस्तीतील एक अडचण निवडा. तिच्यातील सेवेचा भाग कोणता आणि शासनाकडे मागायचा हक्काचा भाग कोणता, ते वेगळे लिहा.

४) मागील कार्यक्रमाचा जमाखर्च सर्व सभासदांसमोर वाचला गेला का? नसल्यास तो कोण आणि कधी वाचणार?